ताईच्या नावासमोरचा हिरवा ठिपका

ताईचं बोन मॅरो बदलायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी शर्टाची बाही वर सारली ती धाकट्याने. धाकटा म्हणजे तिचा पाठचा भाऊ. चाळिशी उलटली, निम्मे केस गेले, तरी घरात त्याला सगळे धाकटाच म्हणायचे. "सख्ख्या भावाचं जुळू शकतं," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्याने ते "जुळणारच" असं ऐकलं. रिपोर्ट आला आणि जुळलं नाही. जुळलं ते कुणा परक्या माणसाचं, ज्याचं नावसुद्धा दवाखाना सांगत नाही.

"रक्ताचं नातं म्हणतात, आणि ऐन वेळी रक्तच नाही म्हणतं," तो बायकोला म्हणाला.

"अरे, कुणाचं तरी जुळलं ना? मग झालं तर," बायको म्हणाली. ती शाळेची बस चालवायची. अख्ख्या बसमधली पोरं मागे किंचाळत असताना जिची मान हलत नाही, तिला घाबरवणं सोपं नव्हतं. धाकट्याचं उलट. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. केसभर चुकलं की गिऱ्हाईकाला गरगरतं, हे मनात इतकं पक्कं बसलेलं, की घराचं कुलूपसुद्धा तो दोनदा ओढून बघायचा.

ताईला काही आठवडे एकटीलाच बंद खोलीत ठेवणार होते. कुणी आत जायचं नाही, बाहेरची वस्तू न्यायची नाही. औषधाने पुसून घेतलेला एक छोटा टॅबलेट तेवढा चालणार होता. शिवाय घशात फोड येतील, बोलवणार नाही, हेही डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"बोलायचं नाही म्हणजे मला जन्मठेपच की रे," ताई हसून म्हणाली. मग म्हणाली, "बाबांच्या टेपा तरी बघता आल्या असत्या तर बरं झालं असतं."

बाबांना तरुणपणी व्हिडिओ कॅमेऱ्याचं वेड होतं. वाढदिवस, सहली, दारातलं मांजर, काही सोडलं नव्हतं. चित्रात डोकी तुटलेली असायची, पण आवाज खणखणीत. कारण कॅमेऱ्यामागून बाबा अखंड बोलत असायचे. त्या सगळ्या टेपा मागे कधीतरी एका डिस्कवर उतरवून घेतल्या होत्या. डिस्क आत नेता येत नव्हती आणि एवढं सगळं टॅबलेटमध्ये मावत नव्हतं.

त्या रात्री धाकट्याला झोप आली नाही. सकाळी उठल्या उठल्या तो म्हणाला, "आपण घरीच सर्व्हर बसवू. टेपा इथेच राहतील, ताई तिथून बघेल."

"तुला येतं?"

"नाही."

"मग ये शिकून," बायको म्हणाली आणि बसची किल्ली घेऊन गेली.

दुकानातला एक जुना कॉम्प्युटर मोडीत निघाला होता. मालकांना विचारून त्याने तो घरी आणला आणि त्यावर विंडोज काढून लिनक्स चढवायला घेतलं, कारण म्हाताऱ्या मशीनला ते झेपतं असं त्याने वाचलं होतं. पेनड्राइव्ह लावला, मशीन सुरू झालं, एकेक प्रश्न विचारत गेलं आणि एका प्रश्नावर धाकट्याचा हात थांबला. कोणती डिस्क पुसू, असं ते विचारत होतं. पडद्यावर दोन डिस्क दिसत होत्या. एक मशीनची, एक बाबांची. दोन्हींची नावं एका अक्षराच्या फरकाची.

तो बराच वेळ तसाच बसून राहिला. चूक झाली असती तर आई, जी आता फक्त त्या डिस्कवरच हिंडत-बोलत होती, तीही पुसली गेली असती.

बायको घरी आली तेव्हाही तो तसाच बसलेला. तिने पडद्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "ज्याची भीती वाटतेय ते आधी बाहेर काढ ना," म्हणत तिने बाबांच्या डिस्कची वायर उपटली आणि डिस्क स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यामागे ठेवून आली.

लिनक्स बसलं. वर सर्व्हरचा प्रोग्रामही बसला. डिस्क परत जोडली, टेपांचा फोल्डर दाखवला, पण पडद्यावर एकच ओळ: इथे काहीही नाही. फाइली तर त्याला स्वतःला दिसत होत्या! दोन दिवस डोकं आपटल्यावर उलगडा झाला. सर्व्हर त्या मशीनमध्ये स्वतःच्या वेगळ्या नावाने राहतो, आणि त्या नावाला तो फोल्डर उघडायची परवानगीच नव्हती.

"म्हणजे पाहुण्याला घरात घेतलंस, पण आतल्या खोलीची कडी काढली नाहीस," बायको म्हणाली. परवानगी दिली आणि पडदा आईच्या, ताईच्या, मांजराच्या चित्रांनी भरून गेला. बाबा शेजारीच बसले होते. त्यांना आता कमी ऐकू येतं. ते मोठ्याने म्हणाले, "बघ, किती छान काढलंय मी!" चित्रात कुणाचे तरी फक्त बूट होते.

पण धाकट्याची काळजी संपेना. वीज गेली तर? मशीन आपोआप सुरू होत होतं, पण डिस्क आपोआप जोडली जात नव्हती. त्यासाठी एका फाइलमध्ये डिस्कचा लांबलचक क्रमांक लिहून ठेवायचा होता. ताई ज्या दिवशी दवाखान्यात जाणार त्याच सकाळी त्याने ते केलं, मशीन बंद करून चालू केलं, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची रांग येऊन मशीन मध्येच अडून बसलं. तिकडे ताईची बॅग भरून तयार, तिच्या नवऱ्याचा, भाऊजींचा, फोनवर फोन. शेवटी त्याने तो क्रमांक एकेक अक्षर बोट ठेवून बायकोकडून मोठ्याने वाचून घेतला. शून्याच्या जागी त्याने 'ओ' लिहिला होता.

"दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावतोस," बायको म्हणाली, "आणि स्वतःच नापास!"

दुपारी ताईने दवाखान्याच्या दारात उभं राहून टॅबलेट उघडला. टेप चालली. तिने त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि भाऊजींबरोबर आत गेली.

त्या प्रोग्रामची एक गोष्ट धाकट्याला नंतर सापडली. कोण काय बघतंय ते सर्व्हरच्या मालकाला आपल्या फोनवर दिसायचं. ताईचं नाव, त्यासमोर हिरवा ठिपका, खाली टेपचं नाव आणि ती कुठवर आली आहे ते. ठिपका दिसला की ताई जागी आहे, तिला बघावंसं वाटतंय, तिचा हात टॅबलेटपर्यंत पोचतोय. भाऊजी दवाखान्यात बाकावर बसून असायचे, पण ते मुळात मितभाषी. काहीही विचारलं की "बघू" म्हणायचे. त्या "बघू"पेक्षा ठिपका जास्त बोलायचा.

दुकानात एका हातात लेन्स आणि दुसऱ्या हातात फोन असं सुरू झालं. सकाळी ठिपका उशिरा उगवला की त्याला घास गिळवेना. एखादी टेप मध्येच थांबली की वाटे, उलटी झाली असेल.

"ही हेरगिरी आहे," बायको म्हणाली.

"काळजी आहे."

"दोघी सख्ख्या बहिणीच."

मग एक दिवस ठिपका आलाच नाही.

सकाळ गेली. धाकट्याने एका आजोबांच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. आजोबा म्हणाले, "अहो, मला तुम्ही दोन-दोन दिसताय." मालकांनी चष्मा त्याच्या हातून घेतला आणि त्याला घरी जायला सांगितलं.

तो वाटभर मनात एकच घोकत होता: सर्व्हर बिघडलेला असू दे. एवढी मेहनत करून उभं केलेलं मशीन जळून राख झालेलं असू दे. वीज गेलेली असू दे, डिस्क सुटलेली असू दे, पुन्हा शून्याचा 'ओ' झालेला असू दे.

घरी आला. मशीनचा पंखा नेहमीसारखा घरघरत होता. इंटरनेटच्या डब्याचे दिवे लुकलुकत होते. डिस्क जोडलेली होती. त्याने फोनचं स्वतःचं इंटरनेट लावून एक टेप उघडली, ती चटकन सुरू झाली. कुठेही काही बिघडलेलं नव्हतं. मशीन ठणठणीत होतं, आणि त्यासमोर जमिनीवर बसून धाकटा रडला.

भाऊजींनी बऱ्याच वेळाने फोन उचलला. "ताप चढलाय. जंतुसंसर्ग म्हणतात. अतिदक्षतेत हलवलंय."

"शुद्धीवर आहे ना?"

भाऊजी म्हणाले, "बघू."

संध्याकाळी बाबांनी रोजच्यासारखं विचारलं, "आज काय बघतेय आपली?"

"झोपलीये, बाबा."

दुसऱ्या दिवशीही झोपलीये, तिसऱ्या दिवशीही झोपलीये. तेव्हा बाबा म्हणाले, "मला बहिरा समज, बावळट समजू नकोस." धाकट्याने मग सगळं सांगितलं, तेही ओरडून, कारण हळू सांगितलेलं त्यांना ऐकू आलं नसतं. सांगून झाल्यावर बाबा उठले, मशीनपाशी गेले आणि त्याच्या तापलेल्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"हे बंद करू नकोस," एवढंच म्हणाले.

दिवस कसे गेले ते त्या घरालाच ठाऊक. बायको बसची फेरी झाली की दवाखान्यात जाऊन भाऊजींना डबा देऊन यायची. धाकटा दुकानात जायचा, पण मालक त्याला काचा घासायच्या मशीनवर बसू देत नव्हते, नुसत्या फ्रेमा पुसायला देत होते.

अशाच एका दुपारी फ्रेमा पुसताना फोनवर ताईचं नाव उजळलं. हिरवा ठिपका. धाकट्याच्या हातून फ्रेम पडली. त्याने भाऊजींना फोन लावला.

"भाऊजी, जागी झाली ना? टेप बघतेय ती!"

"नाही रे," भाऊजी थकून म्हणाले. "डोळे मिटलेलेच आहेत. आतल्या नर्सने लावलीय. म्हणाली, घरच्यांचे आवाज कानावर पडू देत."

त्याचं मन उडालं तसं खाली आपटलं. तरी नजर फोनवरून हटेना. टेप पुढे सरकत होती. मग अचानक थांबली, मागे गेली आणि पुन्हा सुरू झाली. त्याच जागी आली आणि पुन्हा मागे गेली. तिसऱ्यांदाही तेच.

तो तडक घरी आला. बाबांना बसवून त्याने तीच टेप त्याच जागी उघडली. शाळेचं मैदान. मुलींची धावण्याची शर्यत. कॅमेरा सगळ्यात पुढच्या मुलीमागे पळतोय आणि बाबा ओरडतायत, "शाब्बास! बघा कशी पळतेय! माझी वाघीण!" आणि बाजूने आईचा आवाज, हसू दाबत, कासावीस झालेला: "अहो, ती आपली नाही! आपली मागे आहे, मागे! अहो, ती आपली नाही!"

बाबांना ऐकू आलं नाही. धाकट्याने आवाज पूर्ण वाढवला. मग आलं. म्हातारा हसता हसता कधी रडायला लागला ते त्याला स्वतःलाही कळलं नाही.

संध्याकाळी नर्सच भाऊजींच्या फोनवरून धाकट्याशी बोलली. "ते वाक्य आलं ना, की त्यांचे ओठ हलले. मला आधी भास वाटला. म्हणून मागे घेतलं. परत हलले. मग तिसऱ्यांदा घेतलं. हसल्या त्या. डॉक्टरांनाही बोलावून दाखवलं मी."

"म्हणजे बरी होईल ना?"

"ताप उतरतोय. एवढंच सांगते, त्यापुढचं मी बोलत नसते," नर्स म्हणाली.

ताप उतरला, तरी पुढचे दिवस सरळ गेले नाहीत. एकदा पुन्हा चढला, एकदा अंगावर पुरळ उठलं. पण परक्या माणसाचं ते देणं ताईच्या अंगाने हळूहळू आपलं मानलं. ती घरी आली तेव्हा डोक्यावर एकही केस नव्हता आणि आवाज घोगरा झाला होता. वर्षभर जपायचं, गर्दीत जायचं नाही, असं बजावून पाठवलं होतं. बाबा आणि धाकटा तिला भेटायला गेले ते तोंडाला मास्क बांधून, दाराजवळच्या खुर्च्यांवर बसून.

धाकट्याने तिला शर्यतीच्या टेपची हकीगत सांगितली. ताई ऐकत राहिली.

"मला काही आठवत नाही रे," ती म्हणाली. "तापातलं काहीच आठवत नाही. टेप नाही, नर्स नाही, काही नाही."

धाकट्याचा चेहरा पडला. तिने तो बघितला. "पण हसले असेन," ती म्हणाली. "आई तशी ओरडली असेल, तर मी हसणारच."

मग ती बाबांकडे वळली आणि घोगऱ्या आवाजात, होईल तेवढं मोठ्याने म्हणाली, "बाबा, त्या शर्यतीत मी कितवी आले होते हो?"

"काय जाणे," बाबा म्हणाले. "मी त्या दुसऱ्या पोरीकडेच बघत होतो."