ओटिलीचा अडसर

मी एक जुनी बंदूक आहे, मित्रांनो. आता काचेच्या पेटीत पडून असते. पुढं जगभर ज्यांना सबमशीनगन म्हणायला लागले, त्यांच्या पहिल्या पिढीतली मी.

जन्म माझा जर्मनीतल्या झूल गावचा. तिथं घराघरात बंदुका घडवणारे. साल १९१८. बाप्ये सगळे लढाईवर गेलेले, म्हणून कानशी बायकांच्या हातात आल्या होत्या. माझ्या पोटातला, पुढं सरकून गोळी उडवणारा लोखंडी दट्ट्या ओटिली नावाच्या बाईनं घासला. आपण घासलेल्या प्रत्येक दट्ट्यावर ती एक बारीक ठिपका ठोकायची.

तेव्हा मशीनगन म्हणजे चार माणसांचं ओझं. आणि मी एकाच्या काखेत मावायची! पहिल्या चाचणीला चाप ओढला आणि बत्तीस गोळ्या अशा सुटल्या की मीच दचकले. म्हातारे कारागीर टोप्या काढून उभे राहिले.

ओटिली मात्र पुढं आली. "मुकादम, भरलेली असताना ही दणकन आपटली तर दट्ट्या आपोआप हलतो. चापाला हात न लावता गोळी सुटेल. त्याला धरून ठेवणारा एक अडसर बसवू द्या."

"बाई, लढाई तुझ्या अडसरासाठी थांबते होय?" मुकादम ट्राउगोट खेकसला. "आणि कोण शहाणा आपटतोय हिला?"

"झूलचे सगळे शहाणे आपटतात. माझा नवरा लोरेन्त्झ पहिला."

खोटं नव्हतं ते. झूलचा माणूस कुठंही थांबला की बंदुकीचा दस्ता ठण्णकन जमिनीवर टेकवणार, नळीवर हात ठेवणार आणि गप्पा ठोकणार. शिकारीतली आज्या-पणज्यापासूनची सवय ती. पण मुकादमानं ऐकलं नाही, आणि ओटिली गप्प बसली.

आघाडीवर मी नेमकी लोरेन्त्झच्याच हाती पडले. साफ करताना त्याला ठिपका दिसला. "अरे, ही तर माझ्या बायकोच्या हातची!"

"मग संपलंच की," सोबती हसले. "एकदा सुरू झाली की थांबायची नाही!"

एका सकाळी आम्ही समोरच्या खंदकात शिरलो. दहा जणांचं काम मी एकटीनं केलं. काही माणसं हात वर करून उभी राहिली. काही परत उठलीच नाहीत. मित्रांनो, मला माझीच भीती वाटली.

परत आल्यावर लोरेन्त्झनं हुश्श केलं आणि सवयीनं माझा दस्ता दगडावर टेकवला. ठण्ण! गोळी सुटली. त्याचा डावा कान अर्धा गेला, आणि त्या बाजूचं ऐकूही येईना झालं.

लढाई संपली. मी पोलिसांकडं गेले. दोनेक वर्षांनी अडसर बसवायचा हुकूम निघाला आणि मी परत झूलला, ओटिलीच्याच टेबलावर. लोरेन्त्झ तिचा डबा घेऊन आला होता, टोपी कानावर ओढून. तिनं दट्ट्या काढला, ठिपका दाखवला. त्यानं माझ्या दस्त्यावरची त्या दगडाची खूण ओळखली.

"हीच ती," तो म्हणाला.

"मोडून टाकू हिला?"

"हिचा काय दोष? टेकवली मी."

"आणि मी मुकादमापुढं गप्प बसले."

तिनं अडसर बसवला. बोटाच्या पेराएवढा तुकडा. नंतर लोरेन्त्झनं मला रिकामीच उचललं आणि सगळा जीव एकवटून दस्ता फरशीवर आपटला. दट्ट्या जागचा हलला नाही.

"काही वाजलं का आत?" तिनं विचारलं.

"नाही."

"कुठल्या कानानं ऐकतोयस?"

"आहे त्या!"

दोघं हसले. हसता हसता ओटिली रडायला लागली.

पुढं माझी पोरंबाळं देशोदेशी पसरली. बर्फात, जंगलात, शहराच्या गल्ल्यांत, बऱ्या हातात आणि वाईटही. पण माझ्या आयुष्यातलं मोठं नवल विचाराल तर त्या बत्तीस गोळ्या नव्हेत. फरशीवर आपटूनही मी गप्प राहिले, ते.

मित्रांनो, उद्या तुम्हीही काहीबाही घडवाल. तेव्हा कुणी ओटिली येऊन म्हणाली, "थांबा, याला अडसर हवा," तर तिचं ऐका. दोन्ही कान शाबूत आहेत तोवर.