ब्रायडीच्या पोटातली नळी

परदेशातल्या ड्रोहेडा गावच्या इस्पितळात पद्मिनीबाई खुबा मोडून आठ दिवस पडल्या होत्या. शेजारच्या खाटेवर ब्रायडी. ब्याऐंशी वर्षांची म्हातारी. नवरा नाही, लेकरू नाही, साधं भेटायलासुद्धा कुणी नाही. न्यूमोनिया बरा झाला, पण घास तोंडात दिला की बाहेर. बोलायची तेही नुसतं फसफस.

म्हणून तिच्यासाठी बैठक बसली. पडदा ओढून सात शहाणी माणसं आत, त्यांत पद्मिनीबाईंचा डॉक्टर लेक केदार. तासाभरानं तो घाम पुसत बाहेर आला.

"काय रे, एवढी कसली पंचायत?"

"आई, पोटाला भोक पाडून नळी घालायची का, ते ठरत नाहीये. तिच्या वतीनं बोलणारं कुणीच नाही. तिची इच्छा काय, हे शोधतोय."

"तिला विचारलंत?"

"बोलणं कळत नाही गं. समजही गेली असेल."

"समज? काल माझा चष्मा खाली पडला, तर तिनं काठीनं माझ्याकडं सारला. तू असतास तर आधी अर्ज मागितला असतास! मेल्या, बोळक्या तोंडात भाजलेलं मटण कोंबता आणि जेवत नाही म्हणता. कवळी कुठाय तिची?"

"कवळी?"

पद्मिनीबाईंनी स्वतःची कवळी काढून त्याच्या हातावर ठेवली आणि मग तशाच बोळक्या तोंडानं त्याच्या सात वर्षांच्या डॉक्टरकीचा मनसोक्त उद्धार केला. केदारला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण चेहरा उतरला.

ब्रायडीची कवळी खाटेजवळच्या कपाटात, पिशवीत सापडली. दाखल करताना कुणीतरी काढून, वर नाव घालून, अगदी नीट ठेवली होती. तीन आठवडे.

ती बसवल्यावर ब्रायडीनं सातही जणांवरून नजर फिरवली. "नळीबिळी काही नको," ती खणखणीत म्हणाली. "मऊ उकडलेलं अंडं आणा. आणि माझ्याबद्दल बोलायचं तर माझ्याशी बोला."

नळी रद्द झाली, अंडं आलं. पाठोपाठ सोशल वर्करबाई फॉर्म घेऊन आल्या. रुग्णाच्या वतीनं बोलणाऱ्याचं नाव?

ब्रायडीनं स्वतःचं नाव सांगितलं.

"तसं या रकान्यात बसत नाही हो."

"मग थांबा," म्हणून ब्रायडीनं चमचा उचलला, आणि अंडं संपेपर्यंत बाईंना तिथंच उभं ठेवलं. पद्मिनीबाईंनी केदारलाही बसू दिलं नाही.