मोतीलालच्या दुकानाचा फोन

मी कॉम्प्युटरवरच्या फॉर्मातला फोन नंबरचा रकाना बोलतोय. वर्धा जिल्ह्यात माझ्या मर्जीशिवाय कोणाचा फॉर्म पुढं सरकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आता खरं सांगू? मी बोटभर रिकामी चौकट आहे आणि माझं शिक्षण शून्य ते नऊ. त्यापुढं मला काही येत नाही.

माझा जन्म दोन हजार तीनचा, वर्ध्याच्या स्टेशनाजवळच्या एका खोलीतला. प्रोग्राम लिहिणाऱ्या चंदननं मला एका गॅस एजन्सीच्या फॉर्मासाठी बनवलं. तिथं एकाच फोनवर दोन-दोन घरं सिलिंडर नोंदवायची. म्हणून चंदननं माझ्या पोटातच एक नियम शिवला: एकदा आलेला नंबर पुन्हा घ्यायचा नाही.

शेजारच्या खुर्चीवरची रीता म्हणाली, "हा नियम त्याच्या पोटात काऊन घालून राह्यला? गॅसचा नियम गॅसच्या फॉर्मात ठेव. रकान्यानं फक्त आकडे पाहावे."

"पोटात टाकला की जिथं लावीन तिथं चालते. मले पुन्हा लिहावं नाई लागत."

"तेच तं म्हणून राह्यली. जिथं लावशीन तिथं चालन."

चंदनला वाटलं, ही कौतुक करते आहे.

मग त्यानं मला जिकडंतिकडं चिकटवलं. वाचनालयात, वधूवर मेळाव्यात. मजाच मजा. वाचनालयातल्या मंदाबाई माझ्यात जन्मतारीख टाकायच्या. मेळाव्यात मुलीचं नाव घालायला आलेल्या अण्णाजींनी तर लिहिलं, 'फोन बंद आहे, घरी या.' मी सगळ्यांना लाल अक्षरांत हाकलायचो. बड्याबड्यांना घाम फुटायचा, अन् मला आतून गुदगुल्या व्हायच्या.

शेवटी मी एका नर्सिंग शाळेच्या फॉर्मात गेलो.

आता आंजी गावची गोष्ट. तिथं मोतीलालच्या किराणा दुकानात फोन होता, अन् अर्ध्या गावाचा नंबर तोच. कागदावर लोक नंबरापुढं 'पी.पी.' लिहीत. म्हणजे फोन दुसऱ्याचा, पण आम्हाला बोलावतील. फोन आला की मोतीलाल पायरीवर उभा राहून हाक मारायचा. पण मला पी.पी. वाचता येत नाही. शिक्षण सांगितलंच.

नर्सिंगच्या फॉर्मासाठी आंजीची गुंजन आधी आली, दुकानाचा नंबर दिला, मी घेतला. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारची मोहिनी आली. तोच नंबर. मी लाल झालो: 'हा नंबर आधीच नोंदवलेला आहे.'

सायबर कॅफेवाला धर्मेंद्र म्हणाला, "ताई, शेवटचा आकडा बदलवून टाका. त्याले का समजते?"

नाहीच समजलं. चाराचा पाच झाला अन् मी तिला आत सोडलं.

मुलाखतीचं बोलावणं फोनवरून होतं. गुंजनला आलं, ती गेली. मोहिनीचं काय झालं ते माझ्या शेजारच्या 'शेरा' रकान्यानं वाचून दाखवलं: नंबर पिठाच्या गिरणीचा. गिरणीवाला म्हणतो, इथं मोहिनी नाही, ज्वारी आहे.

मी खूप हसलो. मग एकटाच हसतोय असं वाटलं.

रीतानं तो शेरा पाहून चंदनला नियम काढायला सांगितलं. तो म्हणाला, "तो आता अकरा फॉर्मांत आहे. नियम उपटला तं गॅसवाला बोंबलन. त्याच्या फॉर्मात नवा लिहाले टाइम कोणाले आहे?" दिवाळीनंतर रीता नागपूरला नोकरीवर गेली. माझ्या पोटात काय आहे हे ठाऊक असलेलं, अन् त्याची फिकीर असलेलं, तेवढंच माणूस होतं.

पुढच्या साली मोहिनी परत आली. वयाच्या अटीप्रमाणं तिचं हे शेवटचं वर्ष. गुंजनचं वर्ष उलटलं होतं, पण तिनं दिलेला नंबर माझ्याकडं तसाच.

"दुसरं कोणी फोनवालं आहे का?" धर्मेंद्रनं विचारलं.

"आमच्याकडं मोतीलालभाऊच."

"मंग मागच्यासारखा आकडा..."

"मागच्या साली तुमीच सांगतलं होतं, भाऊ."

त्यानं कीबोर्ड तिच्यापुढं सरकवला. तिनं दुकानाचा खरा नंबर टाकला, एकेक आकडा मोजून. मला घ्यायचा होता, देवाशपथ. पण माझा नियम मला उपटता येत नाही, बाहेरून कोणी उपटत नाही. मी लाल झालो: 'हा नंबर आधीच नोंदवलेला आहे.'

मोहिनीनं धर्मेंद्रकडं पाहिलं नाही. सरळ माझ्याकडं पाहिलं.

"नंबर नोंदवला असन बापा. मले कुठं नोंदवलं?"