सोपी वाटलेली भाषा

तोरणमाळच्या दवाखान्यात आपण लिहिलेला, रुग्णांच्या नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम कसा चालतोय, ते बघायला यामिनी शहाद्याहून वर गेली होती. त्याच सकाळी जवळच्या पाड्यावरचा खात्या आपल्या बायकोला, कालीबाईला, पाठुंगळी घेऊन आला. तिच्या पायाची जखम चिघळली होती, अंग तापाने फणफणत होतं, शुद्ध हरपली होती.

नर्स आशाने इंजेक्शन भरलं. तसा खात्या आडवा आला. "मागे इथेच सुई दिली, तर हिचा श्वास कोंडला होता. कोणती, ते मला सांगता येणार नाही."

"प्रोग्रॅममध्ये आहे," यामिनी म्हणाली. जुन्या नोंदी तिनेच भरून घेतल्या होत्या.

आशाने प्रोग्रॅम उघडला. पडदा पांढरा झाला आणि तसाच राहिला.

का, ते यामिनीला लगेच कळलं. दवाखान्यात लिनक्सचा जुनाट संगणक, डॉक्टरांकडे विंडोजचा लॅपटॉप. दोन्हींवर चालेल असं काही बनवायचं होतं. तिचा भागीदार हेमराज सी प्लस प्लस घे म्हणत होता. त्या भाषेत मेमरी आपली आपण सांभाळायची, एक चूक झाली की प्रोग्रॅम चालता चालता कोसळतो. तिला धास्ती वाटली. तिने हात बसलेली जावास्क्रिप्ट घेतली. तिच्यातला प्रोग्रॅम चालवायला सोबत अख्खा ब्राउझर लागतो, तो त्या म्हाताऱ्या यंत्राच्या बोकांडी बसणार, हे कळत असून तिने कानाडोळा केला होता.

"ताई, डॉक्टर फोन उचलत नाहीत. देऊ का?" आशाने विचारलं.

"थांबा," यामिनी म्हणाली. कालीबाईचा श्वास घरघरत होता. थांबण्यात वेळ गेला तरी तिचा जीव जाऊ शकत होता. मेमरी मोकळी व्हावी म्हणून यामिनीने संगणकावर चालू असलेलं बाकी सगळं बंद केलं.

अखेर अक्षरं उमटली. आशाने त्रास झालेल्या औषधाचं नाव वाचलं, हातातल्या सिरिंजकडे पाहिलं आणि ती टाकून दिली. मग तिने दुसरं औषध भरलं.

दुपारी कालीबाईने पाणी मागितलं. यामिनी बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसली. तिने हेमराजला फोन लावला.

"सी प्लस प्लसमा लिखूत," ती त्यांच्या अहिराणीत म्हणाली.

"तुले तिनी भीती वाटस ना?"

"वाटस. पन आज जे दखं, त्यानी जास्त वाटस."

नवा प्रोग्रॅम तिने तसल्याच जुन्या संगणकावर बसून लिहिला, मुद्दाम पुन्हा पुन्हा कोसळवून पाहिला. दवाखान्यात तो चटकन उघडला. आशा हसली. यामिनी मात्र माऊसवरचा हात न काढता, तो कुठे कोसळतो का म्हणून पडद्याकडे बघत राहिली.