न चालवलेलं उदाहरण

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. कंपनीचं सॉफ्टवेअर कसं वापरायचं, हे समजावणारी पानं ती नऊ वर्षं लिहीत होती आणि कुणाचा स्वल्पविराम चुकला तरी तिच्या नजरेतून सुटत नसे. नवरा जाऊन चार महिने झाले होते. ती वेळेवर यायची, विचारलं तेवढं बोलायची. सुरुवातीला लोक तिच्याशी जपून बोलत, मग विसरले. त्याचंही तिला काही वाटलं नाही.

साहेबांनी तिला नवं काम दिलं. त्या पानांत कोडची चारशे बारा उदाहरणं होती. वाचणारे ती जशीच्या तशी उचलून आपल्या प्रोग्रॅममध्ये टाकत. ती खरोखर चालतात का, हे मात्र कुणी कधी पाहिलंच नव्हतं. तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: उदाहरण उचलायचं, चालवायचं आणि त्याच्याखाली छापलेल्या उत्तराशी ताडून बघायचं. जुळलं तर हिरवं, नाहीतर लाल.

सदतीस लाल निघाली. बहुतेक किरकोळ. कुठे कंस राहिलेला, कुठे जुनं नाव. भाजी निवडावी तशी ती एकेक निवडत गेली.

दोनशे अकरावं वेगळं होतं. शीतगृहाचं तापमान मर्यादेच्या वर गेलं की फोनवर इशारा पाठवायचा, असं ते उदाहरण. मर्यादा आठ अंश, तापमान अकरा. खाली छापलं होतं, ‘इशारा पाठवला’. चालवल्यावर काहीच आलं नाही. ‘पेक्षा जास्त’च्या जागी ‘बरोबर तेवढंच’चं चिन्ह पडलं होतं; नेमके आठ असले तरच इशारा जाणार. खालचं उत्तर कुणीतरी न चालवताच, मनाने लिहिलं होतं.

कुणी, ते नोंदीत होतं. तिनेच. सहा वर्षांपूर्वी, एका शुक्रवारी संध्याकाळी, लग्नाच्या रजेवर जाता जाता.

तिने चिन्ह बदललं. हिरवं झालं. मग तिने तक्रारींच्या यादीत त्या उदाहरणाचा क्रमांक शोधला. एकाच माणसाच्या चार तक्रारी, गेल्या वर्षीच्या. चारींना एकच उत्तर: ‘उदाहरणे केवळ माहितीसाठी आहेत.’ शेवटच्या तक्रारीत त्याने फोन नंबर दिला होता. तिने लावला आणि कंपनीचं नाव सांगितलं.

“ते उदाहरण चुकीचं होतं. मीच लिहिलं होतं. तुमचं बरोबर होतं.”



“आता सांगताय होय?” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. औषधांच्या गोदामात तो कॉम्प्युटर सांभाळायचा. एका रविवारी थंडाव्याचं यंत्र बंद पडलं, इशारा गेलाच नाही आणि लसींचा सगळा साठा नासला. मालकाने खापर त्याच्या डोक्यावर फोडून त्याला काढलं. “मी सांगत होतो, कंपनीच्या पानावरून घेतलंय. म्हणाले, एवढी मोठी कंपनी चुकेल होय? आमच्या वडिलांनाही तेच पटलं. वर्षभर धड बोलत नाहीत माझ्याशी.”

“आता काय करता?”

“मेव्हण्याच्या दुकानात बसतो.” तो म्हणाला. “मॅडम, एवढं लिहून द्याल का?”

आपल्याला शरम वाटायला हवी, हे तिला कळत होतं. ती वाट बघत राहिली. दात काढल्यावर बधिर गाल चावला तरी कळू नये, तसं झालं होतं.

तिने विचारल्यावर साहेब म्हणाले, “दुरुस्त केलंस ना? झालं तर मग. लेखी काही द्यायचं नाही. विकतचं दुखणं कशाला?”

घरी सासूबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होत्या. तिने सगळं सांगितलं.

“मालक ऐकेल त्याचं?”

“माहीत नाही.”

“आणि तुझी नोकरी?”

“जाईलही.”

सासूबाईंनी उशीचा अभ्रा झटकला. “बापाला तरी कळेल त्याच्या. दे पाठवून. आता आपलं कोण काय वाकडं करणार आहे?”

तिने साध्या कागदावर पाच ओळी लिहिल्या. काय चुकलं, कधी, कुणाकडून. खाली स्वतःची सही. कागद त्याला पाठवला.

आठवड्याने साहेबांना कळलं. नोकरी राहिली, पण लिहिण्याचं काम काढून तिला जुन्या फायली लावायला बसवलं.

“तुला काहीच वाटत नाही का गं?” साहेब वैतागून म्हणाले.

“नाही,” ती म्हणाली. ते खरं होतं.

पुढच्या रविवारी दुपारी त्याचा फोन आला. मालकाने परत घेतलं नव्हतं. “पण वडिलांनी कागद खिशात ठेवलाय. काढून देत नाहीत. न्हाव्याकडे गेले, तिथेही वाचून दाखवला म्हणे.” तो हसला. “शेवटी मीच म्हटलं, बाबा, बास आता.”

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. चार महिन्यांत पहिल्यांदाच तिला सडकून भूक लागली होती. ओट्यावर भाताचं पातेलं होतं. तिने ते जवळ ओढलं आणि उभ्या उभ्याच, हातानेच, खायला लागली.

“अगं, सावकाश,” सासूबाई दारातून म्हणाल्या, “ठसका लागेल.”