सोळा पौंडांची अट

हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळाकडे हौसेशिवाय दुसरं होतंच काय? २००६च्या संक्रांतीला त्यांनी काढली सुदृढ बालक स्पर्धा! कल्पना अध्यक्षीणबाई अहिल्याकाकूंची. काकूंनी एकदा मनावर घेतलं की देवसुद्धा मध्ये पडत नाही.

राधिकेला मात्र ही हौस महागात पडणार होती. तिची इरा सात महिन्यांची. हसरी, खेळकर, पण चणीने बारीक. डॉक्टर म्हणे, सगळं उत्तम आहे. पण डॉक्टरला विचारतो कोण? नागपूरहून आलेल्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी निकाल दिला, "पोरीच्या अंगावर मांसच नाही गं बाई." नवरा हेमचंद्र ऑफिसात दहा जणांची टीम हाकायचा, पण आईपुढे अगदी गरीब गाय. त्याने तोडगा काढला. स्पर्धेत इरा सोळा पौंड भरली तर ठीक, नाहीतर आजीबरोबर वर्षभर नागपूरला. तिकीटसुद्धा बुक करून मोकळा! "अगं, सगळेच पाठवतात यार," म्हणाला.

स्पर्धेच्या दिवशी सुरुवातीला मंडळातल्याच शैलजाताईंचं भाषण होतं. त्यांची पीएचडी शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या माता-बाल केंद्रांवर. पडद्यावर जुने फोटो आले. पांढऱ्या टोप्यांतल्या नर्सा, तराजूत बाळं आणि बाजूला बावरलेल्या आया, इटलीहून नाहीतर पोलंडहून नुकत्याच आलेल्या. नर्स सांगायची, बाळ रडलं तरी उचलू नका, घड्याळ बघून पाजा, शेजारणीचं ऐकू नका. "स्वच्छ दूध मिळालं, मुलं जगली, हे खरंच," शैलजाताई म्हणाल्या, "पण आयांना काय मूर्ख समजायच्या हो!" हॉल खो खो हसला. काय त्या आगाऊ नर्सा!

हसून डोळे पुसून होतात न होतात तोच त्याच हॉलने टेबलावर काटा मांडला. इंडियाला न्यायच्या बॅगा तोलायचा, काकूंच्या गराजमधला. वर दुलई अंथरली की झाला बाळांचा.

इरा काट्यावर बसून टाळ्या पिटत होती. भरली साडेचौदा.

"राधिका, दूध पुरत नाही का गं?" अहिल्याकाकूंनी विचारलं, तेही माइकवरून! शेजारच्या परीक्षक बाई म्हणाल्या, डब्यातलं फॉर्म्युला दूध दे. तिसरीचं मत पडलं, तू सारखी कडेवर घेतेस म्हणून. आणि कहर म्हणजे खुद्द शैलजाताई पुढे येऊन हळूच म्हणाल्या, "दर तीन तासांनी पाज आणि लिहून ठेव. तुला चार्ट देऊ का?"

"मी म्हटलं नव्हतं?" सासूबाई मागून बोलल्या. हेमचंद्र स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

राधिकेचं डोकं सटकलं. तिने माइक ओढला. "शैलजाताई, वजन कमी भरलं की त्या नर्सा बाळाचं काय करायच्या?"

"काय म्हणजे? आईकडेच द्यायच्या परत."

"मग त्या परवडल्या! आमच्याकडे दीड पौंड कमी पडलं तर पोर विमानात घालतात. दोन आठवड्यांनी इरा नागपूरला चालली आहे, माझ्याशिवाय. बॅगांचाच काटा आणलात, बरं केलंत."

निम्म्या हॉलने आपली पोरं अशीच धाडली होती. कुणाची नोकरी, कुणाची परीक्षा, कुणाचा व्हिसा. कारणं सगळ्यांकडे होती.

अहिल्याकाकूंचा चेहरा उतरला. "माझा अनीश दोन वर्षं साताऱ्याला होता," त्या म्हणाल्या. "घ्यायला गेले तर आजीच्या पदराआड लपला. नमस्कार कर म्हटल्यावर म्हणाला, 'काकू, नमस्कार.' तुम्ही सगळे मला काकू म्हणता, गोड वाटतं. पण त्याच्या तोंडून ऐकलं ना..." मग एकदम खेकसल्या, "हेमचंद्र, तिकीट कॅन्सल कर!"

घरी जाताना गाडीत राधिका मागच्या सीटवर इराच्या पायावर हात ठेवून बसली होती. तिने मनाशी ठरवलं होतं, काही झालं तरी हा हात काढायचा नाही.

घर आलं तेव्हा सासूबाईंनी तोंड उघडलं.

"मी एकटीच जाईन," त्या म्हणाल्या. "नाहीतरी तुझ्या हातचं खाऊन इथं माझंच वजन उतरलंय."