कोपराच्या खाली चार बोटं

लॉन्ड्रीवाल्याने मोडीत काढलेली व्हॅन मीटरसाहेबांनी घरामागच्या मोकळ्या जागेत आणून उभी केली, तेव्हा तिला साबणाचा वास येत होता. तो वास पुढे महिनाभर गेला नाही. टाकेबाईंना तो आवडला. निदान स्वच्छ गाडीत झोपायला मिळणार, असं त्यांनी शेजारणीला सांगितलं.

मीटरसाहेब म्हणजे टाकेबाईंचे यजमान. तीस वर्षं दारोदार हिंडून विजेच्या मीटरचे आकडे वहीत टिपले, आणि स्वतःच्या घरातला दिवा गेला की शेजाऱ्याला हाक मारली, असा हा गृहस्थ. हातोडीची ओळख म्हणजे भिंतीत एक खिळा ठोकून शेजारी चार भोकं पाडणं, एवढीच. टाकेबाईंचं कोपऱ्यावर शिलाईचं दुकान होतं. एका गिऱ्हाइकाने गमतीने ठेवलेलं हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. लोकांच्या सहलींचे, समुद्रावर जायचे, डोंगरावर जायचे कपडे शिवता शिवता त्यांची पन्नाशी उलटली होती. स्वतः मात्र त्या बहिणीच्या गावापलीकडे गेल्या नव्हत्या. "निवृत्त झालो की एक वर्ष नुसतं फिरायचं," हे मीटरसाहेबांचं वाक्य त्यांनी वीस वर्षं ऐकलं होतं, आणि वीस वर्षं खरं मानलं होतं.

म्हणून व्हॅन आली त्या दिवशी त्यांनी नकाशा आणला. जिथे जिथे जायचं तिथे दुकानातल्या टाचण्या टोचल्या. सतरा टाचण्या झाल्या. मीटरसाहेब त्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "एवढं सगळं एका वर्षात व्हायचं नाही गं." टाकेबाई म्हणाल्या, मग दोन वर्षं फिरू.

गाडीचं घर करायचं म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मीटरसाहेब मोबाइलवर व्हिडिओ बघत आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं निम्मं विसरत. गंज खरवडताना त्यांनी एकदा पत्र्यालाच भोक पाडलं. भिंतींना आतून एका बाजूला चंदेरी कागद असलेला थर्माकोल लावला, तो उलटा. प्लायवूडचा पहिला तक्ता कापला तो गाडीच्या भिंतीला कुठेच टेकेना, कारण व्हॅनची भिंत सरळ नसते, पोट सुटल्यासारखी बाहेर गेलेली असते. मीटरसाहेब डोकं धरून बसले. तेव्हा टाकेबाईंनी जुनी वर्तमानपत्रं घेतली, कोटाच्या बाहीचा खाका काढावा तसा त्या भिंतीचा कागदी खाका काढला आणि प्लायवूडवर खडूने उतरवून दिला. तक्ता असा बसला की मध्ये पोस्टकार्ड जाईना. त्या दिवसापासून गाडीतला एकही तक्ता त्यांच्या खाक्याशिवाय कापला गेला नाही.

मग दुकान बंद करायची वेळ आली. वर्षभर फिरायचं तर दुकान ठेवून काय करणार? टाकेबाईंनी गिऱ्हाइकांचे उरलेले ब्लाउज आणि पॅंट शिवून दिल्या, शटरवर चिठ्ठी लावली आणि किल्ली मालकाच्या हातात ठेवली. पाटी मीटरसाहेबांनीच स्टुलावर चढून उतरवली. आठ दिवसांत तिथे एक घड्याळवाला येऊन बसलासुद्धा. टाकेबाईंनी दुकानातून शिलाई मशीन घरी आणलं, आणि बेतण्याच्या टेबलाची फळी. बाकी सगळं वाटून टाकलं.

ती फळी साधी नव्हती. दुकान काढलं तेव्हा एका म्हाताऱ्या सुताराने ते टेबल करून दिलं होतं. त्याने टाकेबाईंना सरळ उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावला आणि कोपराच्या खाली चार बोटं धरून तिथे पेन्सिलीची खूण केली. "उभ्याने काम करायचं टेबल एवढंच उंच हवं. बोटभर इकडेतिकडे झालं तर पाठ आयुष्यभर शिव्या देईल," असं तो म्हणाला होता. टेपचं दुसरं टोक मीटरसाहेबांनी धरलं होतं, आणि सवयीने आकडाही वहीत टिपला होता. पस्तीस इंच. पुढे कितीतरी वर्षं ते पाहुण्यांना ही गोष्ट सांगत. फळीच्या कडेला सुताराने तापल्या सळईने इंचांच्या खुणा केल्या होत्या, आणि कात्री टेकवून टेकवून एका ठिकाणी लाकडात खळगा पडला होता.

"ही फळी आपण गाडीत ओट्याला लावू," मीटरसाहेब म्हणाले. "म्हणजे दुकान तुझ्याबरोबर येईल." टाकेबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा असं काही बोलेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

ओटा लागला आणि तो टाकेबाईंच्या छातीला आला. समोर उभं राहून त्यांनी खोटं खोटं कांदा चिरून पाहिला, तर खांदे कानापर्यंत गेले.

"अहो, हे काय?"

"चुकलं थोडं," मीटरसाहेब म्हणाले. "पहिलंच काम आहे गं. आता स्क्रू घट्ट बसलेत, काढायला गेलो तर लाकूड फाटेल. तुझ्या फळीचं वाटोळं व्हायचं."

त्यांनी दुसऱ्या दिवशी टाकेबाईंना उभं राहायला एक ठोकळा करून दिला. ठोकळाही एका पायावर डुगडुगत होता. टाकेबाई हसल्या आणि त्याच्याखाली कापडाची घडी घातली.

चुका तिथेच थांबल्या नाहीत. टाकेबाईंनी मागितली होती एक छोटी खिडकी, तर ओट्यासमोर एवढं मोठं भगदाड पाडलं की त्यातून कपाट आत गेलं असतं. झाप वर उघडणारी, बाहेर छपरासारखी. "वारा येईल," मीटरसाहेब म्हणाले. छताची झडप पलंगावर हवी होती, पडल्या पडल्या आभाळ दिसावं म्हणून. ती नेमकी ओट्याच्या डोक्यावर झाली, तीही वर उचललेल्या पेटीसारखी. दोघांचा पलंग सांगितला होता, तिथे दोन फुटांचा बाक झाला. "त्याचा दुसरा भाग ओढून बाहेर येणार आहे, ते काम राहिलंय," हे उत्तर टाकेबाईंनी पाच आठवडे ऐकलं. गादीचे दोन्ही भाग शिवून त्यांनी दुसरा तसाच गुंडाळून ठेवला. शेजारीण खिडकी बघून हसली तेव्हा त्या तिच्यावरच उखडल्या. "शिकतायत हो ते. तुमच्या यजमानांनी काय बांधलंय आजवर?"

पडदे शेवटी राहिले होते. खिडकी मोठी म्हणून कापड जास्त लागलं, तरी टाकेबाईंनी ते मनापासून शिवले, आतून अस्तर लावून. गुरुवारी दुपारी त्या पडदे लावायला गाडीत चढल्या. मीटरसाहेब बिजागऱ्या आणायला गेले होते. तेवढ्यात धाकटा दीर नळाचा पाइप घेऊन आला.

धाकटा दीर म्हणजे मीटरसाहेबांचा भाऊ, सहा फूट दोन इंच. फर्निचरच्या शोरूममध्ये कामाला होता. ते शोरूम गेल्या वर्षी बंद पडलं. तयार पॅंट त्याला घोट्याच्या वर येई, म्हणून टाकेबाई लग्न होऊन घरात आल्यापासून त्याचे सगळे कपडे त्याच शिवत. स्वभावाने गरीब. गाडीच्या कामाला तो अधूनमधून हात लावायला येई.

तो वाकून आत शिरला, ओट्यापाशी गेला आणि सरळ उभा राहिला. टाकेबाई पडद्याची दोरी ओवता ओवता थांबल्या. व्हॅनच्या छताला लागून ज्याची मान मोडायची, तो माणूस सरळ उभा होता. त्याचं डोकं बरोबर झडपेच्या पेटीत गेलं होतं. त्याने ओट्यावर हात ठेवले, थोडा पुढे झुकला आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. बेतून शिवलेला कोट अंगावर बसावा, तशी ती गाडी त्याला बसली होती.

टाकेबाईंनी गळ्यातला टेप काढला. तो त्यांच्या गळ्यात नसे असं कधी झालंच नव्हतं.

"भाऊजी, हात कोपरात वाकवा जरा."

दिराने मुकाट्याने वाकवला. वहिनीने माप घेणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. जमिनीपासून कोपर शेहेचाळीस इंच. त्याखाली टाकेबाईंनी स्वतःची चार बोटं धरली. करंगळी फळीला टेकली. मग ओट्याची उंची मोजली. त्रेचाळीस. एक सूतही इकडे नाही, तिकडे नाही.

"एप्रनचं माप ना?" दीर म्हणाला. "दादा म्हणाला होता, वहिनीच शिवणार आहे. खिसा मोठा ठेवा हं. सँडविच बांधायचे कागद त्यातच ठेवीन म्हणतो."

टाकेबाईंनी टेप गुंडाळला. परत उलगडला. परत गुंडाळला.

"कधीपासून सुरू करताय?" त्यांनी विचारलं. आवाज बरा निघाला.

"पुढच्या सोमवारी. ऑफिसांच्या रस्त्यावर उभी करायची. कॉफी आणि सँडविच." मग त्याचा चेहरा बदलला. "वहिनी, तुम्हाला माहीत आहे ना? दादा म्हणाला, तुम्हीच सुचवलंत. वहिनीचा जीव आहे तुझ्यावर, असं म्हणाला."

"आत्ता कळलं मला," टाकेबाई म्हणाल्या.

दीर वाकायला विसरला आणि त्याचं डोकं पेटीच्या कडेवर आपटलं. तो ते चोळत राहिला. टाकेबाई त्या डुगडुगत्या ठोकळ्यावर बसल्या. नवऱ्याने गाडी भावाला दिली, याचं त्यांना तेवढं वाटलं नाही. पण प्रत्येक चूक त्यांनी पोटात घातली होती. लोकांशी भांडल्या होत्या, ठोकळ्यावर चढून हसल्या होत्या, जास्तीचं कापड आणलं होतं. आणि त्यातली एकही चूक नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने एखादं काम बिनचूक केलं होतं. तेही त्यांच्याच सुताराचं माप वापरून, त्यांच्याच खाक्यांवर, त्यांच्याच फळीवर. त्यांना एवढं फसल्यासारखं कधीच वाटलं नव्हतं.

मीटरसाहेब बिजागऱ्यांची पिशवी हलवत आले. भावाचं तोंड बघितलं आणि जागीच उभे राहिले.

"कोपराच्या खाली चार बोटं," टाकेबाई म्हणाल्या. "कुणाच्या?"

मीटरसाहेबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "अगं, सांगणारच होतो."

"कधी?"

"पडदे झाले की."

दिराने मान खाली घातली. "दादा, अरे," एवढंच तो म्हणाला.

"त्याची नोकरी गेलीय," मीटरसाहेब म्हणाले. "पदरात दोन पोरं. मी थोरला. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हटलं असतं. चार दिवस तोंड फुगवून बसले असते. पाचव्या दिवशी एप्रन शिवायला घेतला असता. एवढ्या वर्षांत तुम्हाला हे कळलं नाही?"

मीटरसाहेब पिशवीतल्या बिजागऱ्या चाचपू लागले.

"आणि माझं दुकान? गाडी भाऊजींची आहे हे तेव्हा तुम्हाला माहीत होतं. स्टुलावर चढून पाटी तुम्ही उतरवलीत. मी खाली उभी राहून स्टूल धरलं होतं."

"तू इतकी खूश होतीस," मीटरसाहेब हळू आवाजात म्हणाले, "की मला सांगवेना."

"माझ्या आनंदावर ढकलू नका."

"पुढच्या वर्षी आपण दुसरी गाडी घेऊ. आता काम आलंय मला. तुझ्या मनासारखी करीन."

टाकेबाईंनी हत्यारांच्या डब्यातून स्क्रू ड्रायव्हर घेतला, ओट्याखाली वाकल्या आणि पहिला स्क्रू फिरवला. तो लोण्यातून निघावा तसा निघाला. दुसरा निघाला, तिसरा निघाला, चौथा निघाला. लाकूड कुठेच फाटलं नाही. त्यांनी चारही स्क्रू मीटरसाहेबांच्या तळहातावर ठेवले.

"भाऊजी, दुसऱ्या बाजूने धरा. आणि गाडीला दुसरी फळी शोधा. उंची मात्र हीच ठेवा, ती बरोबर आहे. एप्रन शनिवारी घेऊन जा."

"वहिनी, मला नको ती गाडी," दीर म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"पोरांना काय खायला घालाल? धरा म्हणते ना."

दोघांनी फळी घरात आणली. टाकेबाईंनी ती बैठकीच्या खोलीत ठेवू दिली नाही. थेट झोपायच्या खोलीत, पलंगापाशी नेली. पलंगाखाली प्रवासाच्या दोन बॅगा होत्या, महिन्याभरापूर्वीच भरून ठेवलेल्या, एक स्वतःची, एक यजमानांची. त्यांनी त्या पलंगावर दोन टोकांना आडव्या मांडल्या आणि वर फळी टेकवली. टेप लावला. तेहतीस. त्यांनी भिंतीवरचा नकाशा काढला, सतरा टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या, नकाशाची आणि दोन चादरींची घडी करून बॅगांवर ठेवली. परत टेप लावला. पस्तीस. कोपर वाकवून चार बोटं धरून पाहिली. मग मशीन ओढून शेजारी घेतलं आणि गादीचा न वापरलेला दुसरा भाग उसवायला घेतला. जाड कापड होतं. एप्रनला चांगलं होणार होतं.

दीर कधीच निघून गेला होता. मीटरसाहेब दारात उभे होते. त्यांच्या मुठीत अजून ते चार स्क्रू होते.

"अगं, मग मी झोपायचं कुठे?"

टाकेबाईंनी मान वर केली नाही. कात्री त्या जुन्या खळग्यात टेकवली.

"गाडीत बाक आहे की. एका माणसाचा. आणि पडदेही झालेत."